कुरडईच्या खान्देशात जापचे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशातल्या गच्च्या आणि अंगणं कुरडयांनी भरून जातात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून-पिळून चोथा काढून टाकायचा आणि उरलेलं दुधट पाणी रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र चीक सापडतो. तो मिठाच्या उकळत्या पाण्यात घाटून सोऱ्यात भरायचा आणि वेढे घालत जायचं. धुळ्याचा पारा चाळिशीपलीकडे गेलेला असतो, त्यामुळे वाळवण कडकडीत व्हायला वेळ लागत नाही.

हा सगळा खटाटोप गव्हातला फक्त स्टार्च मिळवण्यासाठी असतो. ग्लुटेन बरंचसं चोथ्याबरोबर निघून जातं. कोरियात रताळ्यापासून असाच स्टार्च काढून लांब, करड्या रंगाच्या शेवया करतात. त्यांना दांगम्योन म्हणतात. शिजल्यावर त्या पारदर्शक आणि चिवट होतात. परतलेल्या भाज्या, मांसाचे पातळ काप, सोया सॉस आणि तिळाचं तेल यांत त्या कालवल्या की जापचे तयार होतं. वाढदिवस, लग्न, सुगीचा सण असं काहीही असलं तरी कोरियन पंगतीत हा पदार्थ असतोच.

खान्देशी स्वयंपाकघराला ही कल्पना परकी नाही. तळलेली कुरडई सगळ्यांना ठाऊक असते. पण घरात भाजी नसली की हीच कुरडई गरम पाण्यात भिजवून, निथळून, कांदा-लसूण-मिरचीच्या फोडणीत परततात. कुरडईची ही भाजी म्हणजे वाळवलेल्या स्टार्चच्या शेवया मऊ करून तेलात परतणंच. कोरियन मालिका पाहून घरातल्या मुलीने जापचेचा हट्ट धरला, तर तिच्या आजीला या कामातली निम्मी रीत आधीच येत असते.

गंमत अशी की मुळातल्या जापचेत शेवया नव्हत्याच. कोरियाचा राजा ग्वांघेगुन याने १६०८ ते १६२३ या काळात राज्य केलं. ई चुंग नावाच्या दरबाऱ्याने त्याला भाज्यांचा हा पदार्थ खिलवून मर्जी संपादन केली आणि मोठं पद मिळवलं, अशी नोंद आहे. सुमारे १६७० मध्ये जांग ग्येह्यांग या विदुषीने कोरियन लिपीत पाककृतींचं पुस्तक लिहिलं. त्यातलं जापचेही अनेक भाज्या बारीक कापून केलेलं आहे. रताळंच मुळी कोरियात पोचलं १७६३ मध्ये, जो ओम या राजदूताने जपानच्या त्सुशिमा बेटावरून पाठवलं तेव्हा. शेवयांचा कारखाना सारीवोन गावी निघाला तो १९१९ साली. आज ‘पारंपरिक’ म्हणून वाढलं जाणारं जापचे जेमतेम शंभर वर्षांचं आहे. म्हणून धुळ्यात त्यात गवार गेली काय किंवा कोबी गेला काय, कुणी संकोच करू नये.

संकोच करायचा तो भाज्या एकत्र परतताना. जापचेचा जीव इथेच आहे. गाजर, कांदा, ढोबळी मिरची, मशरूम यांच्या काडीसारख्या पातळ फोडी करून प्रत्येक भाजी वेगळी, मोठ्या आचेवर, चिमूटभर मीठ घालून मिनिट-दोन मिनिटंच परतायची. सगळं एकदम कढईत टाकलं तर मशरूमचं पाणी सुटतं, गाजर कच्चं राहतं आणि कांद्याचा लगदा होतो. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, थंड पाण्यात टाकून घट्ट पिळायचा. अंड्याचा पिवळा आणि पांढरा भाग वेगवेगळे पातळ पसरून भाजायचे आणि त्यांच्या पट्ट्या कापायच्या. पांढरा, काळा, हिरवा, लाल, पिवळा असे पाच रंग ताटात यावेत, हा कोरियन स्वयंपाकाचा जुना आग्रह आहे.

कोरियात बहुधा गोमांस घालतात. इथे दीडशे ग्रॅम बोनलेस चिकन उत्तम. त्याचे उभे पातळ काप करून सोया सॉस, ठेचलेला लसूण, साखर आणि मिरपूड लावून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग परतायचं. चौघांसाठी दोनशे ग्रॅम शेवया पुरतात. त्या भरपूर पाण्यात सहा-सात मिनिटं उकळून गार पाण्याखाली धुवायच्या आणि कात्रीने दोन-तीनदा कापायच्या. धुतल्यामुळे वरचा चिकट स्टार्च निघून जातो आणि शेवयांचा गोळा होत नाही. मग तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा साखर आणि दोन चमचे तिळाचं तेल घालून सगळं हातानेच कालवायचं. बाजारात मिळणारे काही सोया सॉस फार खारट असतात, तेव्हा आधी दोन चमचेच घालून चव पाहावी.

तेलाचं मात्र नीट समजून घ्यावं. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं असतं, म्हणून त्याला गडद रंग आणि खमंग वास येतो. आपलं घाणीचं तेल कच्च्या तिळाचं. त्याने जापचे बिघडत नाही, पण तो खमंगपणा येत नाही. त्यावर खान्देशी उपाय सोपा आहे. मूठभर तीळ मंद आचेवर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत आणि कालवून झाल्यावर वरून घालावेत. वास शेवटपर्यंत टिकतो.

दांगम्योन ऑनलाइन मागवता येतात. त्यांच्याऐवजी भिजवलेली कुरडई वापरायची असेल तर जरूर वापरावी, पण तिच्याकडून तसा चिवटपणा अपेक्षू नये. ती मऊ पडते आणि लवकर तुटते, म्हणून उकळायची नाही, गरम पाण्यातून काढून लगेच कालवायची.

प्रत्येक घटक वेगळा शिजत असल्यामुळे एकाच घरात दोन्ही पंगती सांभाळता येतात. शाकाहारी मंडळींचं जापचे आधी कालवून काढून ठेवावं, अंडं आणि चिकन दुसऱ्या कढईत परतून उरलेल्यात घालावं. श्रावणात तर मांसाशिवाय, मशरूम दुप्पट घालून केलेलं जापचे जुन्या कोरियन रूपाच्या अधिक जवळ जातं.

उरलेलं जापचे फ्रिजमध्ये ठेवलं की शेवया पांढुरक्या आणि ताठ होतात. शिजताना फुललेले स्टार्चचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून असं होतं. दुसऱ्या दिवशी कढईत दोन चमचे पाण्याचा हबका मारून मंद आचेवर परतलं की त्या परत मऊ आणि पारदर्शक होतात.