‘टोकियो स्टोरी’ : एका जपानी घराची कहाणी

परदेशच्या चित्रपटांपैकीं आपणांस विशेष प्रिय कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या ‘टोकियो स्टोरी’चें नांव घेतों. १९५३ सालचा हा चित्रपट. त्यांत खलपुरुष नाहीं, कारस्थान नाहीं. आहे तें केवळ एक कुटुंब. तथापि २०१२ सालीं ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकानें देशोदेशींच्या दिग्दर्शकांचीं मतें घेतलीं, तेव्हां पहिलें स्थान त्यासच मिळालें.

कथानक साधें आहे. समुद्रकांठच्या ओनोमिची गांवचें एक वृद्ध जोडपें मुलांना भेटावयास दूरच्या टोकियोस जातें. थोरला मुलगा डॉक्टर; आईबापांस शहर दाखविण्यास निघावें, तों रोग्याचें बोलावणें येतें. मुलगी केशभूषेचें दुकान चालविते. तिला सवड नाहीं. अखेर भावंडें वर्गणी काढून दोघांस अतामी येथील उन्हाळ्यांवर धाडतात. तेथें तरुण मंडळींच्या गोंगाटानें म्हाताऱ्यांस झोंप येत नाहीं. तीं लवकर परततात, तर त्याच रात्रीं लेकीच्या घरीं सभा भरावयाची असते! युद्धांत गेलेल्या मुलाची विधवा नोरिको मात्र कचेरींतून रजा घेऊन त्यांना शहर दाखविते. सासूला आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडीं, मृत पतीच्या अंथरुणावर निजविते.

मग हीं मुलें कृतघ्न म्हणावयाचीं काय? ओझू तसें म्हणत नाहीं. रोगी खरोखरच आजारी असतो, दुकानांत गिऱ्हाइकें खरोखरच असतात. प्रत्येक सबब खरी. परंतु अशा खऱ्या सबबी एकापुढें एक मांडल्या कीं, आईबापांस घरांत जागा उरत नाहीं. ओझूचें छायायंत्र चटईवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीइतकें खालीं असतें. आम्हां पाटावर बसून जेवलेल्यांस ती दृष्टि परकी वाटत नाहीं.

पुढें सासू निवर्तते. अंत्यविधीनंतरच्या जेवणांतच लेक आईचीं वस्त्रें आठवण म्हणून मागते. सर्व निघून गेल्यावर वृद्ध सासरा नोरिकोस पत्नीचें घड्याळ देतो आणि, आमच्या मतें चित्रपटाचें मर्म येथेंच आहे, पुन्हा विवाह करण्यास सांगतो. तीही आपल्या थोरवीचा स्वीकार करीत नाहीं. पतीची आठवणसुद्धां न येतां कित्येक दिवस जातात, असें ती कबूल करते. जिनें सर्वांत अधिक केलें, तिला तो केवळ धन्यवाद देऊन थांबत नाहीं, मोकळी करतो.

आपल्या घरोघरींही एखाद्या सुनेच्या सेवेची स्तुति चालते. ती करतांना आपला वांटा आपण तिच्याच शिरावर तर टाकला नाहीं ना, हें ज्याचें त्यानें पाहावें. वाचकांनीं हा चित्रपट घरांतील लहानथोरांसह एकत्र बसून अवश्य पाहावा. आणि तो संपल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची घाई मात्र करूं नये.