रुळावरची मोहीम आणि रुळाबाहेरची

ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी पहिली आगगाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनाच्या मुहूर्तावर येऊन उभी राहिली, आणि ज्या जिल्ह्यातल्या माणसांनी तोवर आगगाडी पाहण्यापेक्षा आगगाडीची वाट पाहणेच अधिक केले, त्या बीडच्या वाचकापुढे हवेत कोलांट्या मारणाऱ्या आगगाडीचे वर्णन घेऊन जावे की नाही, या विचारात मी काही दिवस घालवले. परंतु विषय माझ्यापर्यंत चालत आला तो घरातूनच. शाळेत जाणाऱ्या माझ्या भाच्याने एके संध्याकाळी मोबाइल माझ्या चष्म्यासमोर धरला. पडद्यावर एक गाडी भरधाव येत होती, पुढे रूळ संपला होता, आणि थांबण्याऐवजी ती गाडी उसळली, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन पलीकडच्या रुळावर अलगद उतरली व काही झालेच नाही अशा थाटात पुढे निघून गेली.

"मामा, बघितलं का? गाडी उडते!"

"अरे, रूळ सोडलेल्या गाडीला आमच्याकडे अपघात म्हणतात."

"यात त्याचे गुण मिळतात," तो म्हणाला.

या खेळाचे नाव 'देन्शाटॅक'. स्पेनमधील बार्सिलोना शहरातल्या अंडरकोडर्स या मंडळींनी तो रचला असून फायरशाइन गेम्स ही त्याची प्रकाशक संस्था आहे. ऑगस्ट 2025 मध्ये जर्मनीतील कलोन येथे भरणाऱ्या गेम्सकॉम या जत्रेत त्याची घोषणा झाली आणि 2026 मध्ये तो बाजारात आणण्याचे योजले गेले. 'देन्शा' म्हणजे जपानी भाषेत विजेवर चालणारी गाडी. तिला 'अटॅक' हा इंग्रजी शब्द जोडून हे जोडनाव घडवले आहे. जपानात 1996 साली तैतो कंपनीने 'देन्शा दे गो' नावाचा खेळ काढला होता, त्यात खेळणाऱ्याने मोटरमन होऊन गाडी ठरल्या सेकंदाला आणि फलाटावरच्या ठरल्या खुणेवर उभी करायची, आणि हात-दोन हात पुढेमागे झाले तरी गुण कापले जायचे. शिस्तीची ती पराकाष्ठा ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच या नव्या खेळातल्या स्वैराचाराची खरी लज्जत कळेल.

गाडीच्या करामती मात्र आगगाडीच्या घराण्यातल्या नव्हेत. त्या चाकांच्या फळीवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, उसन्या आणलेल्या आहेत. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात अ‍ॅलन गेलफंड या पोराने गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस फळीला हात न लावता तिच्यासह हवेत उडी घेण्याची युक्ती साधली, आणि त्याच्या टोपणनावावरून तिला 'ऑली' हे नाव पडले. पुढे रॉडनी मलेन याने सपाट जमिनीवर तीच उडी घेऊन पायाखालची फळी तिच्या लांबीभोवती फिरवून दाखवली, तो 'किकफ्लिप'. कठड्यावरून किंवा लोखंडी नळीवरून घासत जाणे म्हणजे 'ग्राइंड'. 1999 साली टोनी हॉक या नामांकित खेळाडूच्या नावाने निघालेल्या खेळाने या साऱ्या करामती घरोघरच्या पडद्यावर आणल्या, आणि एका करामतीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडून साखळी न तोडता गुणांचा गुणाकार करीत जाण्याचा शिरस्ता त्यानेच रूढ केला. देन्शाटॅकने एवढेच केले की फळीच्या जागी आख्खी गाडी ठेवली. आपल्याकडचा रेल्वेचा एक डबाच सुमारे 40 टनांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या 'एवढेच'चे वजन कळते. आणि त्या किकफ्लिपच्या वेळी वरच्या बाकावर निजलेल्या आजोबांचे व त्यांच्या उशाशी ठेवलेल्या भाकरीच्या गाठोड्याचे काय होते, याचा खुलासा खेळ करीत नाही.

अशा खेळात 'कॅम्पेन' नावाचा एक भाग असतो. त्याला मराठीत मोहीम म्हणावे, आणि हा शब्द येथे चपखल बसतो. कारण सुटे सुटे डाव खेळून गुण मोजणे वेगळे, आणि एक कथा धरून, मुलूख मागे टाकीत, प्रत्येक मुक्कामावर नवी विद्या शिकत अखेरच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत जाणे वेगळे. देन्शाटॅकची मोहीम भविष्यातल्या, रयत एका बलाढ्य कंपनीच्या मुठीत सापडलेल्या जपानात घडते. वाटेत प्रतिस्पर्धी टोळ्यांशी सामना आहे आणि शेवटी त्या कंपनीचा पाडाव. कथेकडून फार मोठ्या गांभीर्याची अपेक्षा ठेवू नये असे माझे मत आहे, कारण वेग हाच ज्या खेळाचा प्राण, त्यात कथा ही बहुधा दोन शर्यतींमधला विसावा असते. अपेक्षा ठेवावी ती चढणीची: आधी नुसती उडी, मग रूळ बदलणे, मग हवेतली गिरकी, आणि या तिन्ही एका श्वासात करायला लावणारा टप्पा त्यानंतर. ही चढण बेताची असली तर पोर रात्री जेवणाला उठत नाही; ती एकदम उभी केली तर दुसऱ्याच दिवशी खेळ अडगळीत जातो.

खरी आगगाडी उडी का मारीत नाही, हे भाच्याला समजावताना मला बोरघाट उपयोगी पडला. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या घर्षणाने चालते, म्हणून एक इंजिन एवढे डबे ओढू शकते. परंतु त्याच कारणाने चढ आला की ते लगेच हतबल होते, आणि चाकाच्या आतल्या कडेला असलेली उंच धार ही रूळ न सोडण्याची शेवटची हमी. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटात चढण 37 फुटांना एक फूट, आणि डोंगर वळसा घेऊ देईना. तेव्हा इंजिनियरांनी गाडी एका टोकाला नेऊन थांबवली, इंजिन काढून मागल्या बाजूला लावले आणि तिला उलट्या तोंडाने पुढच्या चढावर घातले. ते उलटफेरीचे स्थानक 1929 पर्यंत चालू होते. आमच्या रेल्वेची करामत ती हीच, आणि ती रूळ न सोडता केलेली. टपावर किंवा पायरीवर उभे राहून चित्रफिती काढणाऱ्या आजच्या तरुणांसाठी 1989 च्या रेल्वे कायद्यात 156 वे कलम आहे व त्यात कैदेची तरतूद आहे. विजेची तार मात्र कलम वाचून दाखवीत बसत नाही.

आता आमच्या मोहिमेकडे. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरांचा मार्ग 1995 साली मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे 353 कोटी रुपये होता, तो वाढत वाढत 4,800 कोटींच्या पलीकडे गेला. जमीन संपादन, तरतुदीची चणचण, केंद्र व राज्य यांनी खर्च निम्मा निम्मा उचलण्याचा करार, अर्ज, मोर्चे, निवेदने यांत एक पिढी म्हातारी झाली; केशरकाकू क्षीरसागर आणि गोपीनाथ मुंडे यांनी या मार्गाचा पाठपुरावा केला, आणि तो पुरा झालेला पाहणे दोघांच्याही नशिबी नव्हते. दर हिवाळ्यात ट्रकच्या नि ट्रॅक्टरच्या हौद्यात बसून ऊसतोडीला शेकडो मैल जाणारी माणसे ज्या जिल्ह्यातून निघतात, त्या जिल्ह्याला प्रवासाची हौस नव्हती असे कोण म्हणेल? टप्पे एकेक करून सुटत गेले: नारायणडोह, सोलापूरवाडी, मग 23 सप्टेंबर 2022 ला आष्टीपर्यंतची 66 किलोमीटरांची गाडी, मग अमळनेर, आणि शेवटी रायमोहा व राजुरी मागे टाकून 166 व्या किलोमीटरला बीड.

हे सारे ऐकून घेतल्यावर भाच्याने मोबाइल खाली ठेवला आणि विचारले, "मग मामा, तुमचा शेवटचा टप्पा कोणता?"

"परळी. अजून पंचाण्णव किलोमीटर."

"पण परळीला तर गाडी कधीचीच येते ना?"

"येते तर. निजामाच्या अमदानीपासून येते. पण ती पलीकडच्या बाजूने."