चिक चॉकलेट : एका जॅझ बँडमास्तराची कारागिरी

महाड आणि पोलादपूरच्या लग्नघरांत सनई, ढोल आणि टिमकीच्या खालूबाजाबरोबर पितळी बँडही वाजतो, आणि त्या बँडवर वाजणाऱ्या जुन्या चित्रपटगीतांच्या ठेक्याचा एक उगम अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदरात सापडतो. तिथल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेल्या जॅझमध्ये मूळ चाल सर्वांना ठाऊक असते, पण तिच्या चौकटीत प्रत्येक वादक ऐनवेळी नवी स्वररचना करतो, म्हणजे आपल्याकडे जिला उपज म्हणतात तीच तिथे मुख्य ठरते. हे संगीत मराठी कानांपर्यंत आणणाऱ्यांत गोव्यातील अल्दोना गावी १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचे स्थान फार वरचे आहे.

गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकवीत, त्यामुळे गावातून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती वाद्याइतकेच महत्त्वाचे लेखनकौशल्य असे. हे तरुण मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाने चालवलेल्या सामाईक खोल्यांत, उतरत. महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांना गावकीच्या खोलीची ही व्यवस्था वेगळी सांगावी लागणार नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि मुंबईच्या वादकांना अस्सल जॅझ समोर बसून ऐकता आले.

चिक यांचा आदर्श अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग होते, आणि ट्रम्पेटबरोबरच आर्मस्ट्राँग यांचा घोगरा आवाजही चिक यांनी इतका आत्मसात केला की भारताचे आर्मस्ट्राँग ही ओळख त्यांना आयुष्यभर चिकटली; तरीही ती ओळख अपुरी आहे, कारण नकलेपलीकडचे त्यांचे खरे काम बँडमास्तराचे होते. वादक निवडणे, हॉटेलाशी बोली करणे, नाचणाऱ्यांचा अंदाज घेऊन गतीची मोजणी देणे आणि प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवणे ही सारी जबाबदारी बँडमास्तराची असते, आणि ‘म्युझिक मेकर्स’ या आपल्या बँडसाठी ती चिक यांनी वाहिली.

१९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतील हॉटेलांच्या नृत्यसंध्यांना उतरती कळा लागली, तेव्हा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाने या वादकांना आधार दिला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाल रचत आणि चिक सहायक म्हणून तिला पितळी वाद्यांचे अंग देत. भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’त या सहकार्याचे सर्वांत देखणे फळ ऐकू येते, कारण तिथे ट्रम्पेट मधल्या जागा भरण्यापुरता उरत नाही, तो गायकाला उलट उत्तर देतो. मराठी संगीतकाराची गेय चाल आणि गोमंतकीय वादकाची स्वरलिपी यांच्या या भागीदारीचा उल्लेख चित्रपटसंगीताच्या मराठी चर्चेत ओझरता येतो, हा मोठा अन्याय आहे.

मुंबईत उमललेला हा ठेका चित्रपटगृहांतून आणि रेडिओवरून सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत आला आणि तिथल्या बँडवाल्यांनी तो कानाने उचलून आपल्या वरातींत बसवला. चिक १९६७ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वारले. त्याआधीच्याच वर्षी आलेल्या चेतन आनंद यांच्या ‘आखरी खत’मधील भूपिंदर यांच्या गाण्यात ते स्वतः ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसतात, आणि त्यांची फुंक व बोटे एकत्र पाहू इच्छिणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.