बर्फावरचे हस्तांदोलन

१४ फेब्रुवारी १९३४ची संध्याकाळ. कॅनडातल्या टोरांटो शहरातले मेपल लीफ गार्डन्स हे बंदिस्त क्रीडागृह चौदा हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरून गेले होते. सामना आइस हॉकीचा होता, पण सुरुवातीला कोणाचेच लक्ष खेळाकडे नव्हते. बर्फाच्या मैदानावर ओव्हरकोट घातलेला एक तरुण उभा होता आणि एकेक खेळाडू त्याच्यासमोर येऊन भेटवस्तू स्वीकारत होता. एका खेळाडूची पाळी आली आणि सारे क्रीडागृह स्तब्ध झाले. कारण दोनच महिन्यांपूर्वी याच खेळाडूने ओव्हरकोटातल्या त्या तरुणाला मृत्यूच्या दारात नेऊन सोडले होते!

तरुणाचे नाव एस बेली. समोर आलेला खेळाडू होता एडी शोअर.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि ध्यानचंद आठवतात. आइस हॉकीची तऱ्हा वेगळी. पायात धारदार स्केट्स, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती आणि एका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे या खेळात नियमाला धरून असते, अर्थात काही मर्यादेत. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत नव्हती. घालणाऱ्याला भित्रा म्हटले जाण्याचीच शक्यता अधिक.

बेली हा टोरांटो मेपल लीफ्स संघाचा चपळ आघाडीवीर. १९२८-२९च्या हंगामात त्याने २२ गोल केले आणि नॅशनल हॉकी लीगमध्ये गुणांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. १९३२मध्ये स्टॅन्ले कप जिंकणाऱ्या संघातही तो होता. शोअर बोस्टन ब्रुइन्सचा बचावपटू. अंगापिंडाने दणकट, डोक्याने तापट आणि खेळात अव्वल. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याने पुढे एकूण चार वेळा मिळवला. बोस्टनमध्ये तो लोकांच्या गळ्यातला ताईत होता, तर इतर शहरांत त्याच्या नावाने बोटे मोडली जात.

१२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टनमध्ये हे दोन संघ भिडले. टोरांटोच्या किंग क्लॅन्सीने शोअरला पाडले, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. शोअर चवताळून उठला. समोर पाठमोरा बेली होता. आपल्याला पाडणारा हाच, असा शोअरचा समज झाला की रागाच्या भरात समोर दिसेल त्याच्यावर तो धावला, यावर आजही एकमत नाही. त्याने मागून बेलीला जोरदार धडक दिली. बेली उलटा उडाला आणि त्याचे डोके बर्फावर आपटले. त्याला झटके येऊ लागले. ते पाहून टोरांटोच्या रेड हॉर्नरने शोअरला असा ठोसा लगावला की तोही रक्तबंबाळ होऊन कोसळला.

बेलीच्या कवटीला तडा गेला होता. डॉ. डोनाल्ड मन्रो यांनी त्याच्या मेंदूवर दोन शस्त्रक्रिया केल्या. कित्येक दिवस तो जगतो की जातो, हेच कळत नव्हते. त्याचे वडील पिस्तूल घेऊन बोस्टनला पोहोचले होते आणि लोकांनी त्यांना कसेबसे समजावून परत पाठवले, अशी हकीकत सांगतात. बेली मेला असता तर शोअरवर मनुष्यवधाचा खटला होईल, अशी उघड चर्चा होती.

बेली वाचला, पण त्याचा खेळ कायमचा संपला. तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता.

आपल्या वाचकांना इथे नरी कॉन्ट्रॅक्टर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९६२मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला आणि भारताच्या या कर्णधाराचे कसोटी जीवन संपले. त्यांना रक्त द्यायला प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले होते. फरक एवढाच की तो अपघात होता. बेलीच्या बाबतीत तसे म्हणणे अवघड आहे.

शोअरला लीगने १६ सामन्यांसाठी बाहेर ठेवले, म्हणजे ४८ सामन्यांच्या हंगामाचा तिसरा हिस्सा. ही शिक्षा पुरेशी होती का? एकाची कारकीर्द बुडाली आणि दुसरा त्याच हंगामात पुन्हा खेळू लागला, हे न पटणारे तेव्हाही पुष्कळ होते.

मग बेलीच्या संसाराचे काय, हा प्रश्न उभा राहिला. आज खेळाडूंचे विमे असतात, निवृत्तिवेतन असते. तेव्हा यातले फारसे काही नव्हते. बोस्टनच्या मालकांनी एका सामन्याचे उत्पन्न बेलीला दिले. ऑटवातील क्रीडा संपादक वॉल्टर गिलहूली यांनी त्याच्या मदतीसाठी खास सामना भरवण्याची कल्पना मांडली. लीगमधल्या उरलेल्या आठ संघांतून प्रत्येकी दोन खेळाडू निवडायचे आणि त्या संघाने टोरांटोशी खेळायचे. मृत खेळाडूच्या कुटुंबासाठी असा सामना १९०८मध्ये माँट्रियलला झाला होता. बुडून वारलेल्या हॉड स्टुअर्टसाठीचा तो सामना. पण नॅशनल हॉकी लीगमधला हा पहिलाच. हाउई मॉरेंझ, चार्ली गार्डिनर अशी बडी नावे त्यात होती, आणि बोस्टनच्या दोघांपैकी एक होता शोअर.

त्याला निवडण्यात मोठा धोका होता. टोरांटोचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतील, कदाचित त्याहूनही काही वाईट करतील, अशी भीती होती.

शोअर पुढे आला. बेलीने हात पुढे केला. दोघांनी हस्तांदोलन केले, आणि क्षणापूर्वी श्वास रोखून बसलेल्या त्या क्रीडागृहात टाळ्यांचा आणि आरोळ्यांचा असा काही गजर झाला की म्हणतात, गार्डन्सने तसा पूर्वी ऐकला नव्हता. क्षमा करणारा तिथे बेली होता. त्याने ती मनापासून केली की हजारो डोळे रोखलेले असताना दुसरा मार्गच नव्हता, असा संशय एखाद्याला येईल. पण बेलीने नंतरही शोअरविषयी मनात कटुता ठेवली नाही.

सामना टोरांटोने ७-३ असा जिंकला. बेलीसाठी वीस हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. जागतिक मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती.

त्या रात्री खेळलेला गार्डिनर त्याच वर्षी जूनमध्ये वारला. मॉरेंझचा पाय १९३७मध्ये सामन्यात मोडला आणि काही आठवड्यांतच त्याचाही अंत झाला. त्याच्या कुटुंबासाठीही असाच सामना भरवावा लागला. निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना रीतसर सुरू झाला तो १९४७मध्ये, पुन्हा टोरांटोतच, आणि त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा खेळाडूंच्या निवृत्तिवेतन निधीकडे गेला. शिरस्त्राणाला मात्र फारच उशीर झाला. लीगने नव्या खेळाडूंना ते सक्तीचे केले १९७९मध्ये, म्हणजे बेलीच्या अपघातानंतर तब्बल ४६ वर्षांनी!

बेलीचा ६ क्रमांक टोरांटोने त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केला. लीगमध्ये हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. स्वतः बेली मैदानापासून दूर गेला नाही. पुढे अनेक वर्षे तो त्याच गार्डन्समध्ये घड्याळासमोर, वेळ नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांत बसत असे. १९६८मध्ये रॉन एलिस या तरुण खेळाडूचा खेळ त्याच्या मनात भरला. आपला ६ क्रमांक याला द्या, अशी विनंती त्याने स्वतः संघाकडे केली. एलिसने तो क्रमांक १९८१पर्यंत पाठीवर वागवला. १९९२च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी बेली वारला. त्यानंतर टोरांटोकडून ६ क्रमांक घालून कोणीही खेळलेले नाही.