जुन्या गाडीला दुसरे काळीज

जुनी गाडी बंद पडली की आपल्या मंडळींपुढे दोन रस्ते असतात: भंगारात द्या, नाहीतर कर्ज काढून दुसरी घ्या. अमेरिकेत नुकत्याच आलेल्या कुटुंबाची क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे कर्ज मिळालेच तरी व्याजाचा दर ऐकून घाम फुटतो. आणि गाडीवाचून इथे नोकरीवर जायचे कसे? मंडळातल्या अशाच एका कुटुंबाच्या गाडीचे इंजिन तापून कामातून गेले. गिअरही आधीपासून अडत होते. गराजवाल्याने सांगितलेली मजुरी गाडीच्या किमतीहून जास्त होती. तेव्हा आम्ही चौघांनी तिसरा रस्ता धरला. जंकयार्डमधून इंजिन व ट्रान्समिशनची जोडी आणली आणि तीन शनिवार-रविवारांत घरीच बसवली.

आधी निवड

जोडी त्याच मॉडेलची, आणि आपल्या गाडीच्याच किंवा त्यानंतरच्या सालची घ्यावी. १९९६ पासून इथल्या सर्व मोटारींत ओबीडी-२ ही तपासयंत्रणा आहे. एखादा सेन्सर जुळला नाही तर डॅशबोर्डवर लगेच दिवा लागतो. १९९० च्या कायदादुरुस्तीपासून प्रदूषणनियंत्रणाची साधने निकामी करणे खाजगी मालकालाही गुन्हा आहे. जंकयार्डमध्ये क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. ट्रान्समिशनच्या तेलाला करपट वास आला तर घेऊ नये.

काढताना

प्रथम बॅटरीची ऋण वायर सोडवली. मग प्रत्येक प्लग व नळी सोडवण्याआधी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एका वहिनींनी क, ख, ग अशी अक्षरे घातली आणि फोटो काढले. जोडताना या बाराखडीने आमचे कित्येक तास वाचवले. एअर कंडिशनरच्या नळ्या आम्ही उघडल्याच नाहीत. कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला बांधून ठेवला. त्यातला वायू हवेत सोडायला बंदी आहे, तो काढायला परवानाधारक माणूस व यंत्र लागते. कूलंट मात्र बादलीत घेऊन लगेच झाकले. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे असते. लहान मुले आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, दोघांनाही ते ठाऊक नसते.

इंजिन व ट्रान्समिशन मिळून 200 किलोच्या आसपास भरतात. हॉइस्ट भाड्याने मिळतो. नियम दोनच, आणि त्यांना अपवाद नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही. गाडी सिमेंटच्या सपाट जमिनीवर, जॅक स्टँडवर टेकलेली आणि मागच्या चाकांना अडण लावलेली हवी. आणि लोंबत्या इंजिनाखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही. हे पाळायची तयारी नसेल तर गाडी भंगारात गेलेली बरी.

जोडताना

जोडी वेगळी केली तेव्हाच इंजिनाच्या मागचे सील बदलले. ते स्वस्त असते, पण नंतर गळू लागले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते. मग आले खरे कसोटीचे काम. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर ट्रान्समिशनच्या दांड्यावर पूर्ण आत बसावा लागतो. तो हळूहळू फिरवत ढकलला की टप्प्याटप्प्याने आत सरकतो. एक टप्पा जरी राहिला तरी इंजिन व ट्रान्समिशन यांच्यामध्ये फट राहते, आणि ती बोल्ट आवळून मिटवायचा मोह होतो. तसे केल्यास आतला पंप फुटतो आणि आणलेली ट्रान्समिशन पहिल्याच दिवशी भंगार होते. दोन्ही तोंडे हाताच्या जोरानेच जुळली पाहिजेत. आमची पहिल्या खेपेला जुळली नाहीत. संध्याकाळ झाली होती, उद्या कामाचा दिवस होता. तरी सगळे मागे घेतले, कन्व्हर्टर पुन्हा फिरवला आणि शेवटचा टप्पा 'टक्' करून बसला. पुढे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले.

पहिली किल्ली

तेल, कूलंट भरून झाल्यावर लगेच इंजिन सुरू केले नाही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थोडे थोडे स्टार्टर फिरवले, म्हणजे बेअरिंग कोरडी फिरत नाहीत. मग फ्यूज लावला. इंजिन लागले. गळती पाहिली, ब्रेक दाबून सर्व गिअर टाकून पाहिले, आणि ट्रान्समिशनचे तेल पुस्तकातल्या रीतीने पुन्हा तपासले. काढलेले तेल दुकानात परत घेतात; गटारात ओतू नये.

हे काम करावे का? स्वतःचे गराज, जाणती एक व्यक्ती, आणि काम लांबले तर आठवडाभर चालेल अशी दुसरी गाडी असेल तर जरूर करावे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी नियम वाचावेत, पुष्कळ ठिकाणी आवारात दुरुस्तीला मनाई असते. आमची चिकटपट्टीची यादी व फोटो मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. कोणाची गाडी अडली तर संकोच न करता विचारावे. पाने आमचे, चहा तुमचा.