सहल निवाऱ्याला, पण प्राण्यांच्या कलानं

मुलांना प्राण्यांच्या निवाऱ्यात न्यायचं ठरलं की आपण बस आणि डब्यांचा विचार करतो. मी म्हणेन, आधी प्राण्यांचा विचार करा. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ सुरू झाला, तो जनावरं दाखवण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी. निवाऱ्यातही जखमी, म्हातारी, माणसाचा धसका घेतलेली जनावरं असतात. चाळीस मुलांचा गलका त्यांना सोसत नाही.

म्हणून आधी तिथल्या माणसांना भेटून सोयीची वेळ विचारा. आठ-दहा मुलांचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं. पालकांची लेखी संमती घ्या. जुन्या चादरी न्यायच्या असतील, तर त्या लागतात का तेही विचारा.

आदल्या दिवशी मुलांना चार गोष्टी सांगा. धावायचं नाही. पिंजऱ्यात बोट घालायचं नाही. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि प्राणी चावला, ओरखडला तर लपवायचं नाही. ही चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ओरडा बसेल म्हणून मुलं गप्प राहतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. पण जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली आणि डॉक्टरांकडून वेळेवर पूर्ण उपचार घेतले, तर तो टाळता येतो.

परत आल्यावर मुलांना आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा कान लांबूनच पाहायला सांगा. कानाला नीट कापलेली खाच दिसली, तर त्याची नसबंदी झालेली आहे, एवढं तरी त्यांना कळेल.