कूलरसमोरचा तंबोरा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की घरोघरी कूलर घुमू लागतात. कूलर चालू असेपर्यंत खोलीत ओल, बंद झाला की कोरडी झळ. माणसाचं यात भागतं, तंबोऱ्याचं नाही. त्याच्या दांडीचं तुणाचं लाकूड ओलीने फुगतं, कोरड्यात आकसतं. खालच्या भोपळ्याची चाल निराळी. दोघांची गाठ पडते तो गळ्याजवळचा सांधा मग सुटू लागतो.

असा तंबोरा दुरुस्तीला घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट मिरज गाठता येतं. शस्त्रांना धार लावणारं शिकलगार घराणं एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांकडे वळलं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागीर आधी तारा उतरवतो, मग तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बोटाने टिचक्या मारत जातो. आवाज फुटका आला की जागा सापडली. सुटलेला सांधा पूर्ण उघडायचा, जुना सरस खरवडायचा, नवा लावून दोरीने आवळायचा आणि वाळू द्यायचा. भोपळ्याची चीर लाकडाच्या बारीक भुशाने बुजते, वरून लाखेचं पॉलिश. चेलो दुरुस्त करणारे युरोपातले कारागीरही सरसच वापरतात: ताण आला तर सांधा सुटावा, लाकूड फाटू नये. बाजारातला पक्का गोंद त्यामुळे इथे शत्रूच म्हणायचा.

खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागाची आणि त्यातून उमटणाऱ्या झणकाराची. तारांच्या घासण्याने घोडीवर बारीक चरे पडतात आणि आवाज बोथट होतो. कारागीर कानस आणि पॉलिश पेपरने तिचा पृष्ठभाग किंचित उतरता करतो. तार टेकवायची, तिच्याखाली सूत सरकवायचं, ऐकायचं. नाही जमलं तर पुन्हा तार काढून घासायचं. गायकाला खुली, झणझणीत जवारी हवी की बंद, दबलेली, हेही विचारावं लागतं. मोजपट्टी इथे उपयोगाची नाही, कानच लागतो. मिरजेत राहिलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, ते उगाच नव्हे. आणि एक कानस जास्त फिरली तर खरवडलेलं परत चिकटवता येत नाही.

तेव्हा नागपूरकरांनो, उन्हाळ्यात तंबोरा कूलरच्या झोतात ठेवू नका. वाजवायचा नसेल तेव्हा तारा थोड्या उतरवा, गवसणी घालून आतल्या खोलीत भिंतीपासून जरा दूर ठेवा. आणि घोडीला घरच्या घरी कानस लावू नका.